ब्लूग्रास, गॅलॅक्स आणि डोंगरातले वाद्य-कारागीर : मँडोलिन कुठून घ्यावं?

मुक्काम_केरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला असतो. लेक सातवीत आहे, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. रॉलीत २०१३ ते २०२४ ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो, मँडोलिन, गिटार अशा तारांच्या वाद्यांवरच्या इथल्या संगीताचा, मोठा महोत्सव भरायचा (आता तो चॅटनूगाला गेला). तिथे भर रस्त्यात कुणाचं तरी मँडोलिन ऐकलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

ऑनलाइन एक मँडोलिन पसंतही केलं होतं. पण ऑफिसातला एक गृहस्थ म्हणाला, "अडीच-तीन तासांवर व्हर्जिनियाचे डोंगर आहेत. ग्रेसन काउंटी, गॅलॅक्स, व्हाइटटॉप. वाद्यं बनवणारी माणसं आहेत तिथे. बघून तरी ये." तेव्हापासून वाचत सुटलोय.

माझं मत असं झालंय की वाद्य करणारा शेजारी असला तर त्या गावचं संगीत टिकतं, दुकानांनी टिकत नाही. पटतं का? आणि मूळ प्रश्न : पहिलं मँडोलिन कारखान्याचं घ्यावं की कारागिराकडचं?

ता.क. सासरे साताऱ्याहून आलेत. त्यांचा वेगळाच प्रश्न : "यात ना तबला, ना ढोलकी. मग ठेका धरतो कोण?"

---

शेवग्याची_शेंग

ब्लूग्रास म्हणजे तो बँजोवाला प्रकार ना? आमच्याकडे बेंजो पार्टी मंडळाच्या गणपतीपुढे असते. तुमच्या व्हर्जिनियावाल्यांना म्हणावं, एकदा लालबागला येऊन दाखवा.

---

अर्धवट_वाजंत्री

@शेंग, आपल्या मिरवणुकीतलं ते बुलबुलतरंग. टंकयंत्रासारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. १९१२ साली जपानमध्ये नागोयाला निघालेल्या ताइशोगोतोचा तो अवतार. इकडचा बँजो वेगळा : गोल कड्यावर ताणलेला पडदा, लांब दांडी आणि पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर. लालबागच्या आवाजात मात्र तो ऐकू येणार नाही, हे मान्य.

---

जुनं_खोड

रोनोकला बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

गॅलॅक्सला जाताना एक घोळ आधी मिटवा. तिथे दोन संगीतं एकाच पटांगणात नांदतात. एक 'ओल्ड-टाइम' : नाचासाठीचं, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो सगळा वेळ एकत्र एकच धून फिरवत राहतात, कुणी पुढे येऊन वेगळं वाजवत नाही. दुसरं ब्लूग्रास : त्याला कर्ता माणूस आहे, केंटकीचा बिल मन्रो. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमावर आला, पण आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो आवाज १९४५ च्या डिसेंबरात जमला. तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाच्या क्लीव्हलंड काउंटीतला अर्ल स्क्रग्ज त्याच्याकडे आला, तीन बोटांनी बँजो वाजवणारा. त्यानंतर पाळीपाळीने वाजवणं आलं. म्हणजे प्रत्येक वाद्य आपापल्या पाळीला पुढे येतं, आपला तुकडा वाजवतं, मागे सरतं. आपल्याकडच्या जुगलबंदीची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं.

गॅलॅक्सचं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन १९३५ पासून आहे, मूस लॉज या स्थानिक मंडळाने सुरू केलेलं. ऑगस्टचा दुसरा आठवडा, फेल्ट्स पार्क. स्पर्धेत स्क्रग्ज पद्धतीचा बँजो वेगळा आणि क्लॉहॅमर (नखाने खाली आघात करत वाजवायचा जुना) बँजो वेगळा. विजेवरची वाद्यं चालत नाहीत. पण खरं सांगू? मंचाकडे पाठ करून बसा. सगळी मजा गाड्या लावतात तिथे, तंबूंच्या मधल्या वाटांवर असते. रात्री दोनला सुद्धा कोंडाळी करून वाजवत असतात.

सासरेबुवांना सांगा : ठेका मँडोलिन धरतं. बेस (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) पहिल्या मात्रेला 'धुम्', मँडोलिन दुसरीला 'चक्'. तारा दाबून लगेच बोटं सैल सोडायची, की सूर मरतो आणि नुसता टणत्कार उरतो. त्याला 'चॉप' म्हणतात. नातीला आधी तेच शिकावं लागणार आहे.

---

मुक्काम_केरी

@जुनं_खोड, सासऱ्यांना वाचून दाखवलं. "म्हणजे टाळ!" म्हणाले आणि समाधानाने चहा प्यायले.

---

रानवारा

कारागिरांबद्दल लिहितो, माझा आवडीचा विषय आहे.

व्हाइटटॉप आणि माउंट रॉजर्स हे व्हर्जिनियातले सर्वांत उंच दोन डोंगर. वरच्या अंगाला रेड स्प्रूसचं रान आहे. गिटार आणि मँडोलिनच्या दर्शनी फळीला हेच लाकूड सगळ्यात नावाजलेलं. त्या परिसरात अल्बर्ट हॅश नावाचा माणूस होऊन गेला (१९१७–१९८३). यंत्रकाम करणारा, फिडल स्वतःच करायला शिकलेला. व्हाइटटॉप माउंटन बँड त्याचाच. जो येईल त्याला शिकवायचा, पैसे न घेता. त्याची मुलगी ऑड्री हॅश हॅम हीसुद्धा पुढे वाद्यं करत राहिली.

जवळच रग्बी नावाची वस्ती. गाव म्हणायलाही संकोच वाटावा एवढी लहान. तिथे १९४७ साली वेन हेंडरसन जन्मला. शेजारी ई. सी. बॉल नावाचे गायक, त्यांच्याकडे मार्टिन कंपनीची गिटार. तशी आपल्याला मिळणार नाही हे कळल्यावर पोराने स्वतःच करायला घेतली. लाकूड कुठलं, तर घरातल्या कपाटाच्या खणाची पातळ तळफळी. गोंद चुकीचा, उन्हात सगळं उकललं. वडिलांनी ओरडण्याऐवजी त्याला उचलून अल्बर्ट हॅशकडे नेलं. त्या भेटीतून पुढचं सगळं घडलं.

हेंडरसन तीसहून अधिक वर्षं टपाल वाटत होता. सकाळी पत्रं, उरलेल्या वेळात गिटारी. पटाशीपेक्षा खिशातल्या चाकूवर त्याचा भरवसा जास्त. गिटारीच्या पोटातल्या आधारपट्ट्या चाकूने तासतो, मग फळीवर टिचकी मारून ऐकतो, परत तासतो. आणि स्वतः उत्तम वाजवतो, अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून. १९९५ मध्ये त्याला 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' हा अमेरिकेतला लोककलावंतांचा मोठा सन्मान मिळाला. त्याच वर्षापासून ग्रेसन हायलँड्स उद्यानात जूनमध्ये त्याच्या नावाचा मेळा भरतो. गिटार स्पर्धेतलं पहिलं बक्षीस म्हणजे त्याच्या हातची गिटार. जगप्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टनची मागणी पुरी व्हायलाही सुमारे दहा वर्षं लागली.

---

शेवग्याची_शेंग

टपाल खात्यात असूनही डिलिव्हरीला दहा वर्षं. हे मात्र अगदी आपल्यासारखं वाटलं.

---

टिंबटिंब

थोडं थंड पाणी ओततो.

रानवारा, गोष्ट सुंदर आहे, पण तुम्हीच म्हणताय की क्लॅप्टन रांगेत उभा होता. मग शेजारी कुठे राहिला? हेंडरसन स्वस्तात देतो, आणि घेणारा तीच गिटार दुसऱ्या दिवशी कित्येक पट किमतीला ऑनलाइन विकतो हेही जगजाहीर आहे. अशी वाद्यं शेवटी काचेच्या कपाटात जातात. गॅलॅक्सच्या पार्किंगमध्ये रात्री वाजवणाऱ्या बहुतेकांच्या हातात मला तरी कारखान्याचाच माल दिसला. ब्लूग्रासचं आद्य मँडोलिनसुद्धा कारखान्यातलंच. मन्रोचं एफ-५ मँडोलिन म्हणजे गिब्सन कंपनीचं, तिथल्या लॉइड लोअर या रचनाकाराच्या सहीचं, जुलै १९२३ चं. फ्लोरिडात एका न्हाव्याच्या दुकानात त्याला ते विकायला ठेवलेलं दिसलं. कुठला शेजारी आणि कुठला कारागीर?

---

अर्धवट_वाजंत्री

त्या मँडोलिनची पुढची कथा ऐका. मन्रोने ते दुरुस्तीला पाठवलं, काम मनासारखं झालं नाही. चिडून चाकूने डोक्यावरच्या 'द गिब्सन' या नावातलं 'गिब्सन' खरवडून काढलं, वरचं नुसतं 'द' राहिलं. तसंच कित्येक वर्षं मंचावर मिरवत होता. पुढे १९८५ मध्ये कुणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईने ते फोडलं. पार चिरफळ्या. गिब्सनच्याच कारागिराने तुकडा तुकडा जुळवून परत उभं केलं. म्हणजे @टिंबटिंब, कारखान्यातही शेवटी एक माणूस लागला.

---

कृष्णाकाठ

मी मिरजेचा, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

धागाकर्त्यांचं 'शेजारी कारागीर' हे म्हणणं मिरजेला लावून बघा, लागू पडत नाही. आमच्याकडचे कारागीर मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानाच्या आश्रयाने फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने तंबोरे करायला घेतले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तूनचं. पण वाजवणारे कोण? मुंबई, पुणे, धारवाड, कोलकाता, आता परदेश. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, दर्ग्याच्या उरुसात गाणं होतं, हे सगळं खरं. तरीही गावच्या गिऱ्हाइकावर सतारमेकर गल्ली कधीच जगली नसती. बाहेरच्या पैशाने कला मरते असं नाही, उलट आमची त्यानेच जगली. २०२४ मध्ये सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आमचा प्रश्न वेगळा आहे. पोरं त्या कामात बसायला तयार नाहीत. जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार आणायचं काम, करायला कान लागतो, त्याला दहा वर्षं जातात, आणि तोवर पोटाचं काय?

---

जुनं_खोड

कृष्णाकाठ, नेमका तिथेच फरक आहे. हेंडरसन टपालवाला होता, हॅश यंत्रकामगार. पोटाची सोय दुसरीकडे होती, म्हणून वाद्य हळूहळू करता आलं. गॅलॅक्सचं बघा : ते फर्निचर कारखान्यांचं गाव. घरटी एकजण तरी रंधा, पॉलिश, गोंद जाणणारा. घरी येऊन त्याच हातांनी बँजोची दांडी घासायची. काइल क्रीड तिकडचाच, बँजो वाजवणारा आणि करणारा. दांडीवर शिसवी पट्टीऐवजी स्वयंपाकघरातल्या ओट्याला लावतात तो फॉर्मायका चिकटवायचा! बोट सर्रकन सरकतं आणि झिजत नाही. शोभेपेक्षा सोय आधी. त्याचे बँजो आज लोक शोधत फिरतात.

चीनमधून फर्निचर यायला लागल्यावर बरेच कारखाने बंद पडले. त्यामुळे मला काळजी वेगळी वाटते. पगार देणारं लाकूडकाम गेलं तर हौसेचं लाकूडकाम किती दिवस चालेल?

---

रानवारा

चालतंय, पण आता शाळेतून. हेंडरसनच्या नावाची कलाशाळा मॅरियनला आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्पार्टा इथे २००० साली शाळेतल्या समुपदेशक हेलन व्हाइट यांनी 'ज्युनियर ॲपलेचियन म्युझिशियन्स' सुरू केलं. शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो, गिटार. आता कितीतरी काउंट्यांत पसरलंय. हेंडरसनची मुलगी जेन पर्यावरण कायदा शिकली, शैक्षणिक कर्ज फेडायला म्हणून वडिलांच्या हाताखाली गिटार करायला बसली ती उठलीच नाही. तिचा ओढा बाहेरून आणलेल्या लाकडापेक्षा अमेरिकेतल्या लाकडांकडे.

---

भटकभवानी

सगळे इतके प्रेमाने लिहिताय, पण एक बाजू सुटली. बँजो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. भोपळ्याचं पोट, वर कातडं (कृष्णाकाठ, भोपळा इथेही आहेच). आणि याच व्हाइटटॉपवर १९३१ ते १९३९ मोठा लोकसंगीत महोत्सव भरायचा, १९३३ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. त्याचा एक कर्ताधर्ता संगीतकार जॉन पॉवेल उघड वर्णवर्चस्ववादी होता. कृष्णवर्णीय वादकांना तिथे प्रवेश नव्हता. 'डोंगरातलं शुद्ध गोरं संगीत' ही कल्पना अशी बेतून तयार केलेली आहे.

तेव्हा 'शेजारी' म्हणताना कोणाला शेजारी मानलं, हेही बघा. धागाकर्त्यांच्याच राज्यात, मेबनला जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक होते. त्यांच्याकडे बसून गायिका आणि बँजोवादक रिअनन गिडन्स आणि तिचे साथीदार शिकले, त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला. लेकीला ते जरूर ऐकवा.

---

टिंबटिंब

+१. या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रतिसाद.

---

जुनं_खोड

भवानीताई, मान्य. एवढंच जोडतो की पॉवेलने काहीही ठरवलं तरी वाजवणाऱ्यांनी ते पाळलंच असं नाही. मन्रो स्वतः सांगायचा की त्याच्या वाजवण्यात आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा मोठा वाटा आहे. पोरगा असताना त्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवलं होतं.

---

शिसवपान

वनखात्यातून निवृत्त. गिटारीतलं काही कळत नाही, पण लाकडातलं कळतं.

रानवारांनी 'बाहेरून आणलेलं लाकूड' म्हटलं ते बऱ्याचदा आपलं असतं. ब्लूग्रासवाल्यांची लाडकी मार्टिन डी-२८ गिटार पूर्वी ब्राझीलच्या रोजवुडची असे. ते मिळेनासं झाल्यावर १९६९ पासून कंपनी पाठीला आणि कडांना भारतीय रोजवुड वापरायला लागली. म्हणजे आपला शिसव, सह्याद्रीतला. वाढायला पिढ्या जातात, आणि एकदा तोडला की लावणारा क्वचित. २०१७ मध्ये ही सगळी जातकुळी आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आली, तयार वाद्यांनाही परवाने लागायला लागले. वादकांची फार ओरड झाली, तेव्हा २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट दिली. कच्च्या लाकडावर नियम आहेतच.

---

शेवग्याची_शेंग

म्हणजे व्हर्जिनियाच्या डोंगरात वाजणाऱ्या गिटारीची पाठ आपली आणि पोट त्यांचं!

---

मंद्र_पंचम

इतका वेळ वाचत होते. शार्लट्सव्हिलला असते, सतार वाजवते.

इथल्या हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा कोरडी होते. एका जानेवारीत सकाळी खोली उघडली तर सतारीच्या तबलीला (दर्शनी फळीला) भेग. पहिल्या दुकानाने हातच लावला नाही. मग कुणीतरी डोंगराकडच्या एका फिडलवाल्याचं नाव दिलं. त्याने सतार आयुष्यात पाहिली नव्हती. अर्धा तास नुसता बोटाने ठोकत, ऐकत बसला. मग आतून पातळ पट्ट्या लावून भेग बसवली. घोडीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय आहे ते मला माहीत नाही, त्यामुळे याला मी हात लावणार नाही." जवारीचं काम मी पुढच्या वर्षी मिरजेला करून घेतलं.

म्हणून @मुक्काम_केरी, मला वाटतं कारागीर वाद्य विकत घेण्यापुरता बघू नका. पुढची वीस वर्षं दुरुस्त करायला कोण आहे ते बघा. आणि काहीही घेतलंत तरी घरात आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवा. ४५ ते ५० टक्के.

---

कृष्णाकाठ

"याला मी हात लावणार नाही." त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

---

टिंबटिंब

ठीक. दुरुस्तीचा मुद्दा मला पटला. कौतुकाचा अजून नाही.

---

अर्धवट_वाजंत्री

मूळ प्रश्न बिचारा कोपऱ्यात उभा आहे, त्याचं बघू या.

मँडोलिनचे दोन आकार दिसतील. 'एफ', म्हणजे वर गोल वळसा आणि खाली टोकं असलेलं, मन्रोचं होतं तसं. आणि 'ए', साधं थेंबाच्या आकाराचं. तो वळसा बव्हंशी शोभेचा. कोरायला भरपूर वेळ लागतो, त्याची किंमत आपण मोजतो. त्याच पैशात 'ए' घेतलंत तर वाद्य वरच्या दर्जाचं मिळतं. मुलगी म्हणेल एफच हवं, कारण मंचावर सगळ्यांकडे तेच. तिथे मात्र घट्ट राहा.

दर्शनी फळी अखंड लाकडाची आणि कोरलेली असावी, प्लायवूड दाबून वाकवलेली नको. घोडी नीट बसवलेली हवी. नवीन कारखानी मँडोलिनच्या तारा बऱ्याचदा दांडीपासून फार उंच असतात, बोटं सोलवटतात आणि मुलं सोडून देतात. व्हायोलिन वाजवते हे बरंच आहे : दोन्हीच्या तारा सा-प अशा पंचमाच्या अंतराने, त्याच सुरांत लागतात. डावा हात निम्मा तयार आहे.

माझं मत : पहिलं वाद्य जुनं, कारखान्याचं 'ए' घ्या, आणि ते घेऊन कारागिराकडे जा. घोडी, खाचा, तारा सगळं बसवून घ्या. लेक टिकली तर दुसरं त्याच्याकडूनच.

---

रानवारा

वाजंत्रीबुवांशी सहमत. फक्त जुनं घेताना दांडी जिथे पेटीला मिळते तो सांधा बघा. तिथे फट असेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

---

मुक्काम_केरी

सगळ्यांचे आभार. एक जुनं 'ए' पाहून ठेवलंय, सांधा बघून कळवतो. ऑगस्टात गॅलॅक्सला जायचं नक्की. सासऱ्यांचा व्हिसा तोवर आहे, तेही येणार म्हणतात. टाळ बरोबर घेऊ का, असं विचारतायत. काय सांगू?

---

जुनं_खोड

टाळ गाडीत राहू द्या. कोंडाळ्यात शिरायच्या आधी दोन गाणी नुसतं उभं राहून ऐकायची. मग कुणीतरी मान हलवून आत बोलावतं. बोलावलं नाही तर पुढच्या कोंडाळ्याकडे जायचं, शेकड्याने असतात. घडीच्या खुर्च्या आणि रबरी बूट न्या. पाऊस झाला की पटांगणात घोट्यापर्यंत चिखल होतो.

---

शेवग्याची_शेंग

शाकाहारींनी डबा न्यावा. आणि टाळ न्याच. चिखल आहे म्हणतात, म्हणजे वारीची सवय कामाला येईल.